माजघराचा कोबा

महिपतने थापी उलटी धरली आणि तिच्या लाकडी मुठीने माजघराच्या नव्या जमिनीवर हलकेच ठोकले. रिकाम्या डब्यावर बोट वाजवावे तसा पोकळ, बोदा आवाज आला. गुडघ्यांवर हातभर पुढे सरकून त्याने पुन्हा ठोकले आणि पुन्हा तोच आवाज ऐकला. उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत, आणि देव्हाऱ्यापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत तो असाच रांगत गेला. मध्येच एखाद्या ठिकाणी जमीन भरीव बोले. तेवढ्याने त्याच्या मनात आशेचा कोंब फुटे आणि पुढच्याच ठोक्याला तो करपून जाई. अखेरीस त्याने छिन्नीचे टोक एका बारीक भेगेत घालून किंचित उचकटले. ताटाएवढा पापुद्रा अलगद सुटून हातात आला. खाली धनावड्यांच्या घराचा जुना लाल कोबा जसाच्या तसा चमकत होता, जणू त्याच्यावर कोणी कधी काही घातलेच नव्हते.

हा दुसरा प्रयत्न होता. महिपत तेथेच बसून राहिला. उठायचे म्हटले तर आधी एक गुडघा, मग दुसरा, मग कंबर, अशी तिघांची समजूत काढावी लागे, आणि त्या घटकेला तेवढेही त्राण त्याच्या अंगात नव्हते.

रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याने जाताना समुद्र दिसण्याच्या आधीच उजवीकडे एक चढण सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, जाते. त्या चढणीच्या माथ्यावर ही वाडी आहे. वाडीत धनावड्यांचे चिरेबंदी घर, आणि त्या घरात मालनवहिनी एकट्या राहतात. त्यांचे यजमान धोंडू धनावडे हे महिपतचे जिवाभावाचे मित्र. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली. एकुलता एक मुलगा निलेश विरारला असतो. यंदा श्रावणात मालनवहिनी पाण्याचा तांब्या घेऊन माजघरातून जात असता दोन थेंब खाली सांडले, त्यावर पाय पडला, आणि कोबा इतका गुळगुळीत की त्या जागच्या जागी आडव्या झाल्या. उजवे मनगट मोडले. शेजारच्या बायका धावून येईपर्यंत त्या कितीतरी वेळ तशाच पडून होत्या.

निलेशने तेव्हाच निर्वाणीचे सांगितले होते. दिवाळीला तो येणार, आणि तोपर्यंत जमीन पाय न घसरणारी झाली असेल तर आईने येथे राहावे. नसेल तर सामान बांधून त्याच्याबरोबर विरारला यावे. त्याचे बोलणे कठोर नव्हते, काळजीचेच होते. परंतु मालनवहिनी एकदा विरारला पंधरवडाभर राहून आल्या होत्या आणि आल्यावर म्हणाल्या होत्या, "थंय दार उगडलं की समोर दुसऱ्याचं दार. बोलायचं कोनाशी? दाराशी?" या घरातून आपल्याला बाहेर काढतील ही धास्ती त्यांनी मनगटाच्या दुखण्याहून अधिक घेतली होती. म्हणूनच त्यांनी महिपतला बोलावणे धाडले. तो कोबा ज्याने घातला त्यानेच तो सुधारावा, हे त्यांना सरळ वाटले.

होय, कोबा महिपतनेच घातला होता. निलेश तेव्हा पाळण्यात होता. आज वाडीत फरशा नि लाद्या आल्या आहेत, पण त्या काळी सिमेंटची जमीन घालून, वर लाल रंग देऊन, ती गोट्याने घासून आरशासारखी करणे ही थोरवी होती, आणि पंचक्रोशीत महिपतच्या हाताचा कोबा नावाजलेला होता.

लाद्या मालनवहिनींना नको होत्या. पायांना गार लागतात, असे त्यांचे म्हणणे. शिवाय त्या बसवल्या तर जमीन वर येऊन दारे उघडेनात झाली असती. म्हणून करंगळीच्या जाडीएवढा पातळ, खरबरीत थर जुन्या कोब्यावर चढवावा असे ठरले. पहिल्या वेळी महिपतने आपल्या जुन्या रिवाजाप्रमाणे केले. कोब्याला पाणी मारले, सिमेंटचे दाट पाणी ओतून झाडूने फिरवले आणि वर सिमेंट-वाळूचा माल पसरला. आठवड्याने तो पापडासारखा वाकून सुटला.

तेव्हा तो रत्नागिरीला मारुती मंदिराजवळच्या एका दुकानात गेला. सर्वेश नावाचा तेथला विक्रेता मोठा बोलका होता. त्याने पांढऱ्या रसायनाचा डबा काउंटरवर ठेवला.

"काका, हे लेटेक्स. दिसतं दुधासारखं, पण चहात घालू नका."

"ह्यानं सांधतं काय खरंच? मंग वायच माज्या गुडघ्यांना लावा."

"गुडघे सांधले असते तर मी दुकान सोडून दवाखाना नसता काढला?" सर्वेश हसला आणि मग त्याने मन लावून सगळे समजावले. एवढा पातळ थर नुसत्या सिमेंटवर टिकत नाही. हे रसायन मालाच्या पाण्यात घालायचे म्हणजे माल चिवट होतो. आणि त्याआधी सिमेंटमध्ये हेच रसायन कालवून त्याचा लेप ब्रशने जुन्या जमिनीत घासून भरायचा. लेप बोटाला चिकटतो आहे तोवरच वर माल पडला पाहिजे. सुकला तर तोच मध्ये पडदा होऊन बसतो. "आणि एकच दिवस ओलं ठेवा. मग सुकू द्या. आठवडाभर पाणी भरायची जुनी सवय इथे नको."

"बरं."

"आणि मुख्य राहिलंच. खालची जमीन स्वच्छ पाहिजे, काका. धूळ, मेण, तेल, काही नको. तेलावर जगातलं कुठलंच रसायन बसत नाही."

"तेल कुटनं येनार? म्हातारीचं घर हाय, ग्यारेज नाय."

तरीदेखील महिपतने घरी येऊन मालनवहिनींना विचारले होते. "वहिनी, खाली कदी तेलबिल सांडलं नाय ना?" त्यावर त्या चिडल्या होत्या. "तेल सांडायला मी काय ल्हान पोर हाय? ह्या घरात आजपातूर तेलाचा थेंब खाली पडला नाय." मग महिपतने तारेच्या ब्रशाने कोबा घासला, धुतला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन सर्वेशने सांगितले ते सारे जसेच्या तसे केले. लेप सुकू दिला नाही. माल पातळ केला नाही. पाणी एकच दिवस मारले. आयुष्यात प्रथमच त्याने दुसऱ्याचे शब्द इतक्या निमूटपणे पाळले होते, आणि त्याचे फळ हा ताटाएवढा पापुद्रा होता.

"च्या घ्या, भावजी." मालनवहिनी कपबशी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांची नजर त्याच्या हातातल्या तुकड्यावर गेली आणि चेहरा पडला. "परत?"

"परत."

त्यांनी कपबशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "निलेशचा फोन आलता. म्हनत होता, काकांना आता तरास देऊ नको. त्यांचं वय झालं."

हे शब्द महिपतला थापीपेक्षा जोराने लागले. वय झाले हे खरेच होते, परंतु ते दुसऱ्याच्या तोंडून, तेही पाळण्यातल्या पोराच्या तोंडून यावे याचे त्याला वाईट वाटले. "मना आनखी वायच दिवस द्या," एवढेच तो म्हणाला. संध्याकाळपर्यंत त्याने देव्हाऱ्यापुढचा सुटलेला भाग काढून टाकला आणि घरची वाट धरली.

घरी सोनूबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, निर्गुडीचा पाला गरम करून त्याच्या गुडघ्यांना बांधला. बांधताना तिचे तोंड चालूच होते.

"त्या डब्यातलं दूध नासकं निघालं आसंल."

"नाय गो. माल चांगला हाय. आपल्याच न्हानीच्या पायरीला लावला ना? छिन्नी मोडंल, पन ता सुटत नाय."

"मंग तुमचा हात नासका झाला."

महिपत हसला नाही. सोनूबाईने त्याच्याकडे पाहिले आणि गाठ थोडी सैल केली. "मी म्हनतंय, सांगून टाका. नाय जमत म्हनावं. मालनला जाऊंदे ल्योकाकडं. सगळ्याच जातात."

रात्र अशीच कुशी बदलत गेली. न्हाणीच्या पायरीला लागते आणि धनावड्यांच्या कोब्याला लागत नाही, मग दोष रसायनाचा नाही, हाताचा नाही; दोष त्या कोब्यातच असला पाहिजे. पण कोबा तर त्याच्या स्वतःच्या हातचा. त्यात काय घातले आणि काय नाही हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक? या विचाराने तो उजाडताच उठला आणि चहाचीही वाट न पाहता चढण चढून गेला. एरवी तो न्याहारी उरकून ऊन अंगणात आल्यावर पोहोचत असे. इतक्या लवकर तो त्या घरी कधीच गेला नव्हता.

पुढचे दार उघडे होते. मालनवहिनी माजघरात बसकण मारून बसल्या होत्या. काल जेथला पापुद्रा काढला होता त्या उघड्या पडलेल्या कोब्यावरून त्या फडक्याची एक पुरचुंडी फिरवत होत्या. दुखरा हात मांडीवर ठेवून डाव्या हाताने, गोल गोल, न थांबता. प्रत्येक फेऱ्याबरोबर लाल जमीन ओलसर उजळत होती, आणि साऱ्या घरात खोबऱ्याचा मंद वास भरला होता.

महिपत उंबऱ्यातच थबकला.

"वहिनी, ह्या काय करताव?"

त्या दचकल्या. "आगोबाई! भावजी, येवढ्या फाटंचे? काय नाय ओ. तुमी कामाला येनार, जमीन घान दिसते, म्हनून वायच पुसून घेतंय."

"कशानं पुसताव?"

"कशानं म्हंजे? चोथ्यानं." त्यांनी पुरचुंडी सोडून दाखवली. आमटीसाठी वाटून, पिळून रस काढलेल्या नारळाचा पांढरा चोथा तिच्यात होता. "रोजच्यासारा."

"रोज?"

"आता रोज नाय तर काय! कालवनाला नारळ वाटला की चोथा ह्याला. हात मोडलावता तेवढे दिवस शेजारची बाय फिरवून जात होती. मीच सांगितलंवतं तिला."

महिपतने देव्हाऱ्याजवळच्या तांब्यातून ओंजळभर पाणी घेतले आणि कोब्यावर शिंपडले. पाणी पसरले नाही. अळवाच्या पानावर राहतात तसे टपोरे मणी होऊन ते जागच्या जागी थरथरत राहिले. गवंड्याच्या पोराला पहिल्या दिवशी शिकवावी अशी ही परीक्षा होती, आणि दोन्ही वेळा पाणी मारूनही ते कसे बसते हे त्याने निरखून पाहिले नव्हते. कारण दोन्ही वेळा तो येण्याआधीच मालनवहिनींनी अंगण शिंपावे तशी घरातली जमीनही पुसून सज्ज ठेवली होती, आणि त्या स्वच्छतेवर त्याचा पूर्ण विश्वास होता.

"म्या तुमाला इचारलंवतं, वहिनी. तेल सांडलं काय म्हनून."

"मंग? तेल कुटं सांडलं? हा नारळ हाय." मग त्यांच्या ध्यानात काहीतरी आले. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, ह्यानं बिगडलं काय?"

महिपतने मान डोलावली.

"पन तुमीच तर सांगितलंवतंत," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात आरोप नव्हता. चूक कोठे झाली हे शोधणाऱ्या माणसाचा भाबडेपणा होता. "जमीन घोटून झाली त्या दिवशी. ह्या दारात हुबं ऱ्हावून. वहिनी, रोज चोथा फिरवा, आरशाशिवाय कुक्कू लावाल. म्या एक दिवस चुकवला नाय ओ."

महिपतच्या डोळ्यांपुढे तो दिवस जसाच्या तसा उभा राहिला. कोबा ओला होता, आणि तो घोटण्यासाठी धोंडू आरे-वारेच्या किनाऱ्यावरून एक काळा, अंड्यासारखा गुळगुळीत गोटा निवडून घेऊन आला होता. दोघे मित्र पाठीला पाठ लावून बसले होते आणि हात भरून येईपर्यंत तो गोटा आळीपाळीने फिरवत होते. काम संपल्यावर धोंडूने जमिनीवर वाकून आपली मिशी नीट केली होती आणि दोघे खो खो हसले होते. त्याच आनंदाच्या भरात महिपतने कडेवर मूल घेऊन उभ्या असलेल्या त्या तरुण बाईला हा सल्ला दिला असणार. सल्ला चुकीचा नव्हता. नारळाच्या चोथ्याने कोबा खरेच उजळतो. फक्त तो इतक्या निष्ठेने कोणी पाळील, हे त्याच्या मनातही आले नव्हते. सांगणारा विसरून गेला होता, आणि ऐकणारीने त्याचे व्रत केले होते.

"मंग आता?" मालनवहिनींनी विचारले.

"तेल आत मुरलंय. धुवून जानार नाय. वरची साय काडायला लागंल. छिन्नीनं टाचे मारून, सगळी."

"सगळा कोबा फोडायचा?"

"फोडायचा नाय. तोंड सोलायचं त्याचं. खालचं कोरं सिमेंट लागेपातूर."

त्यांनी हाताने जमीन चाचपली. जेथे त्या बसल्या होत्या तेथे कडेला एक किंचित खोलगट जागा होती. धोंडू जेवायला नेहमी तेथेच पाट मांडत असत. आपल्या तळहाताने ती जागा दोनदा पुसून त्या म्हणाल्या, "नको, भावजी. ऱ्हाऊंदे. मी जातंय विरारला."

खरे सांगायचे तर त्या क्षणी महिपतला सुटल्यासारखे वाटले. छिन्नी घेऊन दिवसचे दिवस उकिडवे बसणे त्याच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते, आणि आयुष्यात हातून झालेले सर्वांत देखणे काम स्वतःच्याच हाताने खरवडणे मनाला झेपणारे नव्हते. त्याने थापी, रंधा, ओळंबा गोळा करून पिशवीत भरायला सुरुवात केली. मालनवहिनी त्याच्याकडे पाहत बसल्या होत्या. पुरचुंडी त्यांच्या हातात तशीच होती.

"भावजी."

"हां."

"मी गेल्यावर ह्या कोब्याला कोन पुसंल?"

"कोन पुसनार? कुलूप ऱ्हाईल."

"म्हंजे काळा पडंल."

"धूळ बसंल. मंग वाळवी यील, चुलीकडनं."

बाहेर कोणाची तरी गाय हंबरली. मालनवहिनींनी उठण्यासाठी डावा हात जमिनीला टेकला आणि तो नुकत्याच तेलावलेल्या कोब्यावरून सर्रकन पुढे गेला. त्या पडल्या नाहीत, बसलेल्याच होत्या. त्या तशाच तळहाताकडे बघत राहिल्या.

"ज्याला राखायचं तोच मना पाडतो," त्या पुटपुटल्या. मग पदराने हात पुसून म्हणाल्या, "सोला. पन देव्हाऱ्याखालचा कोपरा ठेवा. थंय कोन चालत नाय."

"थंय ठेवतो."

"आनी माज्यासमोर नको. मी शेजारी जाऊन बसतंय."

दुसऱ्या दिवसापासून महिपत कामाला लागला आणि त्याच्याबरोबर सोनूबाईही आली. तरुणपणी तिने त्याच्या हाताखाली पुष्कळ घमेली वाहिली होती. मध्यंतरी ते बंद झाले होते. ती पदर खोचून म्हणाली, "नासका हात बगायला आलंय," आणि सुटलेले तुकडे गोळा करू लागली.

आधी उरलेला नवा थर उचकटून झाला; त्यापुढचे काम मोठे कंटाळवाणे होते. हातोड्याचा एक ठोका, छिन्नीचे एक बोट पुढे. गुळगुळीत लाल साय खपलीसारखी उडे आणि खाली करडे, खडबडीत सिमेंट दिसे. प्रत्येक हातभर जागेवर महिपत पाणी शिंपडून पाही. मणी उभे राहिले तर आणखी खोल. पाणी झटकन शोषले गेले तर पुढे. ऑक्टोबरचा उकाडा घरात भरून राही, सिमेंटची धूळ घामावर बसे, आणि दुपारपर्यंत नवरा-बायको दोघेही पीठ सांडलेल्या माणसांसारखी दिसत. आधी तो गुडघ्यांवर बसे, मग एका कुशीवर, मग चक्क आडवा होऊन छिन्नी चालवी.

"असं निजून काम करनारा गवंडी म्या पैल्यांदा बगितला," सोनूबाई म्हणाली.

"डोळं लागलं तर उठव."

"उठवतंय कशाला? निलेश आला की त्याला सांगेन, जमीन खरबरीत झाली, काकाला मदी पुरलंय."

धोंडूच्या पाटाची खोलगट जागा त्याने शेवटी ठेवली होती. ती सोलताना त्याने हातोडा बाजूला ठेवला आणि नुसती छिन्नी हाताने खरवडत नेली. त्याने वेळ जास्त लागला, काम काही निराळे झाले नाही. सोनूबाई बाहेर जाऊन पाणी भरून आली.

मग धुण्याचा सोडा टाकून तिने सारी जमीन ब्रशाने घासली, धुतली, आणि महिपतने बजावले म्हणून रात्री दोघेही धनावड्यांच्या पडवीत झोपले. सबब अशी सांगितली की जाण्यायेण्याने पाय दुखतात. मालनवहिनींना त्यातले मर्म कळले. "मी हात लावनार नाय ओ," त्या म्हणाल्या, आणि चोथ्याची पुरचुंडी त्यांनी स्वतः होऊन सोनूबाईच्या हवाली केली.

सकाळी जमीन ओलसर होती, पण तिच्यावर पाणी साचलेले नव्हते. महिपतने पांढऱ्या रसायनात सिमेंट कालवले आणि ब्रशाने तो लेप प्रत्येक टाच्यात घासून भरू लागला. लेप पसरला, जमिनीने तो धरला. जेथे लेप बोटाला चिकटत होता तेथे लगेच तो माल टाकी, लाकडी रंध्याने दाबी, आणि मागे सरके. सोनूबाई माल कालवून देत होती, तो घालत होता. पुढे लेप, मागे माल, असे ते दोघे दाराकडे येत गेले. देव्हाऱ्याखालच्या कोपऱ्यापाशी त्याने पट्टी लावून काठ सरळ घेतला. जमीन घोटायचा पोलादी गिरमाळा मात्र त्याने पिशवीतून काढलाच नाही. गुळगुळीत करण्याची हाताला इतक्या वर्षांची खोड. लाकडी रंध्याने खरबरीत सोडून देताना काम अर्धवट टाकल्यासारखे त्याला वाटत राहिले.

निलेश धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आला. बूट काढून तो माजघरात उभा राहिला. टाचेने दाबून पाहिले, मग चार पावले चालला. मग स्वयंपाकघरातून तांब्या आणून त्याने मुद्दाम पाणी ओतले आणि त्यात पाय टाकून जोराने पुढे ओढला. पाय जागीच अडला.

"काका, वाजवून बघू?"

"वाजव."

निलेशने खिशातल्या किल्लीने ठोकले. उंबऱ्यापाशी, मधोमध, धोंडूच्या जागेवर. प्रत्येक ठिकाणी जमीन चिऱ्यासारखी भरीव बोलली.

"दिसायला काय खास नाही," निलेश म्हणाला. "पण बसलाय घट्ट." मग तो आईकडे वळला. "राहा मग. पण न्हाणीत मी दांडा लावून जाणार, त्याला नाही म्हणायचं नाही."

"लाव बाबा. दोन लाव," मालनवहिनी म्हणाल्या आणि लगबगीने आत गेल्या. त्या आत का गेल्या हे सर्वांना कळले. कोणी त्यांच्या मागे गेले नाही.

थोड्या वेळाने त्या तोंड धुऊन बाहेर आल्या. "भावजी, आता ह्याला काय लावू?"

"काय नाय."

"कायच नाय?"

"नुसत्या पान्यानं पुसा."

"नुसतं पानी," त्या म्हणाल्या. करड्या, निस्तेज जमिनीकडे त्यांनी पाहिले. ती उजळणार नव्हती, आज नाही आणि पुढेही नाही. त्यांचा डावा हात जरासा हलला आणि थांबला. सोनूबाईने फळीवरून पुरचुंडी काढून त्यांच्या हातात दिली. "कोपरा हाय ना थंय. तेवढाच पुसा. नि पुसून झालं की हात साबनानं धुवा, नायतर माजा घोव परत आडवा निजंल."

मालनवहिनी देव्हाऱ्यापुढे बसल्या आणि सुपाएवढ्या त्या लाल तुकड्यावर चोथा फिरवू लागल्या, गोल गोल. तुकडा उजळला. त्यात समईची ज्योत दिसली.

महिपत भिंतीला टेकून बसला होता. त्याला घरी जायचे होते, निजायचे होते, आणि पुन्हा कोणाची जमीन घालायची नव्हती. त्याने उठण्यासाठी हात टेकला. आधी एक गुडघा, मग दुसरा, मग कंबर. तळहाताला नवी जमीन खरखरीत लागली; तिने हात धरून ठेवला, आणि त्या आधारावर तो सावकाश उभा राहिला.